वेपच्या खोक्यावर काय लिहिलेले असते?

आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे, ती आपल्यापैकी अनेकांच्या नजरेसमोरून गेली असेल, पण ओळखू आली नसेल. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात ती असली तर हायलायटर पेन वाटते, लॅपटॉपच्या पिशवीत असली तर पेन ड्राइव्ह वाटते. रंग झगझगीत आणि वास आंब्याचा, कलिंगडाचा किंवा पुदिन्याचा. तिचे नाव ई-सिगारेट. तरुण मंडळी तिला ‘वेप’ म्हणतात. भारतात ती बनवणे, परदेशातून आणणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे हा २०१९ पासून गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये मात्र हीच वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात आणि सुपरमार्केटमध्ये उघडपणे मिळते. लंडनला किंवा लेस्टरला शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, आईला त्याच्या बॅगेत ती सापडते, आणि तो म्हणतो, ‘अगं, तिकडे हे लीगल आहे. सेफ असतं.’

लीगल आणि सेफ हे दोन शब्द त्याने एका दमात उच्चारले. या दोहोंमध्ये अंतर किती, ते आज पाहू. त्यासाठी ब्रिटनमधले नियम समजून घेणे सोयीचे आहे, कारण तिथे या वस्तूवर बंदी घालण्याऐवजी तिला नियमांच्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या चौकटीला आता बरीच वर्षे झाली आहेत.

आधी यंत्र समजून घेऊ. आज आपण जी ई-सिगारेट पाहतो, ती २००३ साली होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञाने तयार केली. तिची रचना साधी आहे. एक बॅटरी, एक छोटी टाकी, टाकीत द्रव, आणि द्रवात बुडालेली कापसाची वात. समईत जशी वात तेल ओढते, तशी ही वात द्रव ओढते. वातीभोवती तारेचे वेटोळे असते, त्याला कॉइल म्हणतात. झुरका घेतला की बॅटरी कॉइल तापवते, वातीतला द्रव उडतो आणि हवेत गार होऊन त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. लोक त्याला वाफ म्हणतात, पण ती चहाच्या किटलीची वाफ नव्हे. त्यात पाणी नाममात्र असते. मुख्य घटक प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन, त्यात विरघळवलेले निकोटीन, आणि चवीसाठी घातलेली रसायने. तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे सिगारेटचे दोन मोठे शत्रू इथे जवळपास नसतात. ब्रिटनने या वस्तूला बाजारात राहू दिले ते याच मुद्द्यावर. जो माणूस वीस वर्षे सिगारेट ओढतो आहे आणि सुटत नाही, त्याने निदान याच्यावर यावे, असा त्यांचा हिशेब. जो आधी काहीच ओढत नव्हता, त्या सतरा वर्षांच्या मुलाला हा हिशेब लागू होत नाही, हे तिथलेही डॉक्टर सांगतात.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये तंबाखू उत्पादनांविषयी एक निर्देश काढला. त्याच्या विसाव्या कलमात ई-सिगारेटचे नियम आले. त्या वेळी ब्रिटन संघात होते, म्हणून २० मे २०१६ पासून तेच नियम ब्रिटिश कायद्यात उतरले, आणि संघातून बाहेर पडल्यावरही त्यांचा गाभा तसाच राहिला. त्यात तीन आकडे कळीचे आहेत. वीस, दहा आणि दोन.

वीस म्हणजे एका मिलिलिटर द्रवात निकोटीन जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. हा आकडा का? साधारण एक सिगारेट ओढायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात सिगारेटइतकेच निकोटीन मिळावे, त्याहून जास्त नको, असा विचार त्या निर्देशात नोंदलेला आहे. आता इथे खोक्यावरचे अंक वाचण्याची एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही खोक्यांवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात, काहींवर टक्के. २ टक्के म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम. ५ टक्के म्हणजे ५० च्या आसपास. ‘पाचच टक्के तर आहे’ असे वाटते, पण ते ब्रिटिश कमाल मर्यादेच्या अडीचपट झाले. जूल नावाचे अमेरिकन वेप २०१५ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा त्यात एका मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटीन होते. तेच जूल २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये विकायला आणले, तेव्हा ते २० च्या आत बसवावे लागले. कंपनी तीच, नाव तेच, पण देश बदलला की आतला माल बदलला. खोक्यावरच्या नावापेक्षा ते खोके कोणत्या बाजारासाठी बनले, हे महत्त्वाचे ठरते ते असे.

इतके तीव्र निकोटीन घशाला झोंबत कसे नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. जुन्या पद्धतीचे निकोटीन जास्त घातले की ठसका लागतो, आणि ठसका हा शरीराने दिलेला इशाराच असतो. पुढे निकोटीनमध्ये बेन्झोइक आम्लासारखे आम्ल मिसळून त्याचे क्षार वापरण्याची पद्धत आली. त्यामुळे ठसका गेला आणि मात्रा राहिली. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही अशा मुलालाही पहिल्याच दिवशी ते सहज ओढता येते ते यामुळेच. म्हणूनच वीसचा आकडा मला तिन्हींत सर्वांत मोलाचा वाटतो. काही संशोधक म्हणतात की निकोटीन कमी असले की माणूस जास्त झुरके घेतो आणि इतर रसायने अधिक आत जातात. पट्टीच्या धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही असेल. कोवळ्या मुलांच्या बाबतीत मात्र तो युक्तिवाद मला पटत नाही.

दहा म्हणजे निकोटीन असलेल्या द्रवाची सुटी बाटली दहा मिलिलिटरहून मोठी असता कामा नये. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीएवढी ती असते. वीस गुणिले दहा, म्हणजे पूर्ण बाटलीत निकोटीन जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम. दोन म्हणजे यंत्राची टाकी किंवा बंद नळी दोन मिलिलिटरची, अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी. हे आकडे घरातल्या लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून ठरले आहेत. निकोटीन हे मुळात विष आहे. ते तोंडावाटे तर शोषले जातेच, पण कातडीतूनही जाते. आणि ज्या द्रवाला स्ट्रॉबेरीचा वास येतो, तो रांगणारे मूल तोंडात घालणारच. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाच्या एका बाळाचा असे द्रव पोटात जाऊन मृत्यू झाला. अमेरिकेतली ती या प्रकारची पहिली घटना. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये तिथे कायदा झाला की अशा बाटल्यांची झाकणे लहान मुलांना उघडता न येणारी असली पाहिजेत. युरोपच्या नियमांत ती अट होतीच. दाबल्याशिवाय फिरत नाही असे झाकण, फोडले तर कळेल असे सील, आणि भरताना सांडणार नाही अशी व्यवस्था. आपल्याकडे कोणाच्या घरी हा प्रसंग आला तर सांडलेले द्रव साबण-पाण्याने लगेच धुवावे, भिजलेले कपडे काढावेत. पोटात गेले असेल तर मुलाला उलटी करायला न लावता बाटलीसकट थेट रुग्णालय गाठावे.

जिथे नियम असतो तिथे पळवाट असतेच. दहा मिलिलिटरची मर्यादा निकोटीन असलेल्या द्रवालाच लागू आहे. मग व्यापाऱ्यांनी निकोटीन नसलेल्या चवदार द्रवाच्या मोठ्या बाटल्या काढल्या, वरती थोडी जागा मोकळी ठेवली, आणि सोबत दहा मिलिलिटरची निकोटीनची बाटली वेगळी विकली. गिऱ्हाईक घरी जाऊन दोन्ही एकत्र करतो. सगळे कायद्यात बसते. कायद्याचा हेतू बसतो की नाही, ते विचारू नये!

आता माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग. चवीची रसायने.

खोक्यावर अनेकदा लिहिलेले असते की यातील चवी खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या दर्जाच्या आहेत. वाचणाऱ्याला धीर येतो. जे आइस्क्रीममध्ये चालते ते इथे का चालू नये? उत्तर शरीरातच आहे. पोटात गेलेल्या पदार्थाला आम्ल भेटते, पाचकरस भेटतात, मग तो यकृतातून गाळला जातो. फुप्फुसाला असे काही नाही. तिथे एका पातळ पडद्यापलीकडे रक्त वाहत असते. फुप्फुसाला फक्त हवेची सवय आहे.

याचा धडा वेप येण्याच्या आधीच मिळाला होता. अमेरिकेत मिसुरी राज्यात जॅस्पर नावाच्या गावी मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या पॉपकॉर्नचा कारखाना होता. २००० साली तिथे काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ आणि बरा न होणारा आजार झाल्याचे उघड झाले. त्यांच्या फुप्फुसातल्या अगदी बारीक वायुनलिका व्रण होऊन आक्रसल्या होत्या. तपासात बोट गेले ते लोण्याच्या चवीसाठी वापरल्या जाणाऱ्या डायअॅसिटिल या रसायनाकडे. खाण्यात ते निर्धोक मानलेले होते. पण कामगार ते खात नव्हते, तापवलेल्या तेलाबरोबर उडणारी त्याची वाफ दिवसभर श्वासात घेत होते. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बाजारातली ५१ चवींची वेप-द्रव्ये तपासली, तेव्हा ३९ मध्ये डायअॅसिटिल सापडले. हेही सांगायला हवे की ते सिगारेटच्या धुरातही असते, अधिक असते, आणि वेपमुळे पॉपकॉर्न कामगारांसारखा आजार झाल्याचे सिद्ध झालेले नाही. पण जे टाळता येते ते का घालावे? ब्रिटनच्या नियमांत निकोटीनच्या वेप-द्रवात डायअॅसिटिल घालता येत नाही.

दुसरा धडा २०१९ चा. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत इलिनॉय आणि विस्कॉन्सिन राज्यांतल्या रुग्णालयांत धडधाकट तरुण मुले धाप लागून दाखल होऊ लागली. ताप, खोकला, उलट्या, आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसे पांढरी. संसर्ग सापडेना. शेवटी समान धागा निघाला तो वेपचा. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांत ६८ मृत्यू होते. बहुतेकांनी गांजातला मादक घटक असलेली कार्ट्रिजे वापरली होती आणि ती दुकानातून न घेता मित्रांकडून, दलालांकडून घेतली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातले द्रव तपासले तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडले. हा पदार्थ कातडीला लावायच्या क्रीममध्ये असतो, गोळ्यांत असतो. कोणा चोरट्या व्यापाऱ्याने मालात भेसळ करून तो दाट दिसावा म्हणून तो घातला. दूधवाला पाणी घालतो, याने तेल घातले, एवढाच फरक.

इथे एक गंमत आहे. युरोपच्या नियमांत निकोटीनच्या द्रवात जीवनसत्त्वे घालायला २०१६ पासूनच मनाई होती. पण कारण वेगळे होते. ‘यात व्हिटॅमिन आहे’ असे सांगून वस्तू पौष्टिक असल्याचा भास निर्माण करू नये, म्हणून ती मनाई. त्याच कारणाने कॅफिन आणि टॉरिनही बाद, कारण ते अंगात उत्साह आणल्याचा भास देतात. म्हणजे नियम फसवणूक टाळण्यासाठी केला आणि त्याने एक घातक पदार्थही दाराबाहेर ठेवला. अर्थात अमेरिकेतला तो माल मुळातच चोरीछुपे बनलेला होता. त्याला कोणताही नियम लागू असता तरी बनवणाऱ्याने पाळला नसता. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

म्हणजे ब्रिटनमध्ये विकले जाणारे प्रत्येक वेप सरकारने तपासून सुरक्षित ठरवलेले असते का? नाही. आणि त्या मुलाची गल्लत होते ती नेमकी इथे. उत्पादकाने बाजारात वस्तू आणण्याच्या सहा महिने आधी तिची माहिती औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे द्यावी लागते. या संस्थेला एम.एच.आर.ए. म्हणतात. द्रवात काय काय आहे, तापवल्यावर कोणते पदार्थ बाहेर पडतात, त्यांच्या विषारीपणाविषयी काय माहिती आहे, हे सगळे कागद उत्पादकाने द्यायचे. संस्था ते पुरे आहेत की नाहीत हे पाहते आणि वस्तूचे नाव यादीत घालते. ही यादी जाहीर असते, कोणीही पाहू शकतो. पण ही नोंद आहे, मंजुरी नव्हे. आपल्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पाहुण्याचे नाव आणि गाडीचा नंबर वहीत लिहून घेतो. त्याने पाहुणा सज्जन ठरत नाही. काही घडले तर तो कोण होता आणि कोणाकडे आला होता, ते सापडते. नोंदीचा फायदा तेवढाच, पण तो लहान नाही. कोणाला वेपमुळे त्रास झाला तर औषधाच्या दुष्परिणामासारखीच ‘यलो कार्ड’ या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते. तक्रार कोणत्या मालाची, हे यादीमुळे कळते.

नोंद असूनही काय होऊ शकते, हे २०२३ च्या सुरुवातीला दिसले. एल्फ बार नावाचे वेप तेव्हा ब्रिटनमध्ये तुफान खपत होते. एका वृत्तपत्राने त्यातली काही प्रयोगशाळेत तपासून घेतली, तर दोन मिलिलिटरच्या जागी तीनाहून अधिक मिलिलिटर द्रव निघाले. कंपनीने चूक कबूल केली आणि मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांनी तो माल फळीवरून काढला. पाहा, जादा द्रव यादीतल्या कागदांमुळे सापडले नाही. कोणीतरी बाटली फोडून मोजले तेव्हा सापडले. पण मोजण्यासाठी दोनचा आकडा कायद्यात लिहिलेला होता, आणि माल परत घेणारा दुकानदार होता, म्हणून पुढचे घडले.

याच दोनच्या आकड्यावरून ब्रिटनमधला गिऱ्हाईकही एक साधे गणित करू शकतो. दोन मिलिलिटरच्या वेपवर साधारण सहाशे झुरक्यांचा दावा छापलेला असे. मग एकाच बंद नळीवर ‘५,००० झुरके’ लिहिले असेल, तर इतके द्रव आले कुठून? एक तर दावा खोटा, नाही तर टाकी बेकायदा. व्यापाऱ्यांनी आता दोनच्या टाकीला दहाच्या बाटलीची जोड देऊन हाही आकडा फुगवला आहे, ते सोडा.

खोक्यावरची बाकीची बंधने भराभर सांगतो. पुढच्या आणि मागच्या बाजूचा ३० टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असला पाहिजे: यात निकोटीन आहे आणि ते अत्यंत व्यसनकारक आहे. घटकांची यादी हवी, आत माहितीपत्रक हवे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना विकायला ऑक्टोबर २०१५ पासून बंदी आहे. टीव्हीवर, वृत्तपत्रांत आणि आपल्या या रेडिओसारख्या माध्यमावर तिथे निकोटीनच्या वेपची जाहिरात करता येत नाही.

बॅटरीचा प्रश्न वेगळा आहे. यातली बॅटरी मोबाइलसारखीच लिथियमची असते आणि ती बिघडली तर भडकते. २०१८ मध्ये फ्लोरिडात एका माणसाचा वेप तोंडाशी फुटून मृत्यू झाला. म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत २०१५ पासून ही यंत्रे सामानाच्या पोटात टाकलेल्या बॅगेत ठेवता येत नाहीत; आग लागली तर तिथे विझवायला कोणी नसते. याच बॅटऱ्यांनी ब्रिटनला कचऱ्याच्या प्रश्नातही ओढले. एकदा वापरून फेकायच्या वेपची चलती झाली आणि २०२३ मध्ये तिथे आठवड्याला सुमारे पन्नास लाख वेप फेकली जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. कचऱ्याच्या गाड्यांत चिरडल्या गेलेल्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. शेवटी १ जून २०२५ पासून तिथे एकदाच वापरायच्या वेपची विक्री बंद झाली. म्हणजे ‘तिकडे लीगल आहे’ हे वाक्यही आता सगळ्या वेपना लागू नाही.

आता आपल्याकडे येऊ. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्याख्या जाणीवपूर्वक व्यापक ठेवली आहे. निकोटीन असो वा नसो, चव असो वा नसो, विजेवर पदार्थ तापवून श्वासात घ्यायचे थेंब तयार करणारे यंत्र म्हणजे ई-सिगारेट. तेव्हा टपरीवाला ‘साहेब, यात निकोटीन नाही, हर्बल आहे’ म्हणतो, तेव्हा त्याचा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. ई-हुक्काही त्यातच येतो.

या कायद्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. बिडी आणि सिगारेट, ज्यांनी होणारे मृत्यू निर्विवाद आहेत, त्या १८ वर्षांवरच्या कोणालाही विकता येतात, फक्त पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा छापायचा. आणि त्यांच्याहून कमी घातक मानलेली वस्तू मात्र पूर्ण बंद! याला सरकारचे उत्तर असे होते की तंबाखूचे व्यसन आधीच कोट्यवधींना आहे; निदान नवे व्यसन शाळा-कॉलेजांत शिरू देऊ नये. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण आज आपला प्रश्न सुरक्षिततेच्या नियमांचा आहे, आणि त्या दृष्टीने बंदीचा एक परिणाम सहसा बोलला जात नाही.

जी वस्तू कायद्याने अस्तित्वातच नाही, तिला सुरक्षिततेचे नियमही नसतात. भारतात वेपसाठी वीसचा आकडा नाही, दहाचा नाही, दोनचा नाही. झाकण कसे असावे हे सांगणारे कोणी नाही, डायअॅसिटिल घालू नका म्हणणारे कोणी नाही, यादी नाही, यलो कार्ड नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. जे विकायचेच नाही त्याची प्रमाणे कशाला ठरवायची? पण माल तर येतो. पोलिसांनी आणि सीमाशुल्क विभागाने पकडलेल्या साठ्यांच्या बातम्या आपण वाचतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही पुड्या कुठे मिळतात, हे शाळकरी पोरही सांगू शकेल. त्या पुडीत काय आहे, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. वेपचे तसेच आहे. खोक्यावर लंडनचा पत्ता असेल, युरोपचे नियम पाळल्याची खूण असेल, ‘१८ वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असेही असेल. ते छापायला एक छापखाना पुरतो. ते खोके त्या बाजारात कधी गेलेच नाही, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याने ते पाहिलेले नाही. आणि इथल्या अधिकाऱ्याच्या हाती लागले तर तो ते जप्त करील, त्यातले द्रव मोजत बसणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ज्या मालाने माणसे मेली, तो याच जातीचा होता: आकर्षक वेष्टन, आणि आत काय आहे याची जबाबदारी घेणारा कोणी नाही.

बरे, मुलाने ब्रिटनमधल्या दुकानातून यादीतलेच वेप घेतले आहे, ते तरी इथे आणावे का? नाही. आयातीवरची बंदी प्रवाशाच्या बॅगेलाही लागू आहे. विमानतळावर ते जप्त होऊ शकते. वापरणाऱ्याचे काय, असा प्रश्न मग येतो. कायद्याच्या शिक्षेच्या कलमांत बनवणारा, आणणारा, विकणारा, जाहिरात करणारा आणि साठवणारा यांचा उल्लेख आहे. ओढणे हा वेगळा गुन्हा म्हणून लिहिलेला नाही. मात्र आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले की कोणत्याही स्वरूपात आणि कितीही प्रमाणात ई-सिगारेट जवळ बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन आहे. तेव्हा ‘माझ्या एकट्यापुरते आहे’ या समजुतीवर विसंबू नये.

सिगारेट सोडण्यासाठीच कोणाला वेप हवे असेल, तर भारतात त्याला कायदेशीर पर्याय आहेत. औषध कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने २०१९ च्या बंदीतून वगळली आहेत. निकोटीनचे च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळते. त्यात निकोटीन किती, हे पाकिटावर छापलेले असते आणि छापल्याप्रमाणे नसेल तर जाब विचारता येतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. सिगारेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो. गुटखा किंवा मिश्री सोडायची असली तरी तिथे मदत मिळते.

घरातल्या मुलामुलींविषयी एकच सांगायचे राहिले. खोकला आणि धाप घेऊन तरुण मुलगा डॉक्टरांकडे जातो, तेव्हा ‘सिगारेट ओढतोस का?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. त्याच्या मते वेप म्हणजे सिगारेट नव्हे. आई-वडील शेजारी बसलेले असतील तर तो प्रश्नच पुढे सरकत नाही. न्यूमोनियाचे उपचार सुरू होतात, आणि मूळ कारण दप्तरातच राहते. तेव्हा पालकांनी क्षणभर बाहेर जावे आणि डॉक्टरांनी वेप, ई-हुक्का, ‘पॉड’ अशी नावे घेऊन विचारावे. डॉक्टरांना सांगणे म्हणजे पोलिसांत तक्रार करणे नव्हे, हे मुलाला आधीच समजावून ठेवलेले बरे. यंत्र आणि उरलेले द्रव घरात असेल तर फेकून न देता डॉक्टरांना दाखवावे. २०१९ च्या त्या साथीत रुग्णांनी वापरलेल्या कार्ट्रिजेसचे नमुने प्रयोगशाळेत गेले, डॉक्टरांनी फुप्फुसातले द्रव पाठवले, आणि दोन्हींत एकच पदार्थ सापडल्यावर संशयाची दिशा ठरली.